दाराच्या फळीवरचा फटका

माझ्या बहिणीला कुणी ‘पडद्यामागची शिल्पकार’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. पडदा कुणी लावला, हे कुणी विचारत नाही. बाई मागे किती छान उभी राहिली, याचंच कौतुक.

या वसंतात आमच्या जिल्ह्याच्या क्रीडाशाळेला पन्नास वर्षं झाली. शाळेच्या फाटकासमोर माझं जाओझीचं, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं, दुकान आहे, म्हणून मलाही आमंत्रण होतं. खरं सांगायचं तर आमंत्रण नव्हतं, पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर होती. मी पातेली उतरवली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. मुख्य पाहुणी ताओ वेनयिंग, एके काळची जगज्जेती आणि आता आमच्या प्रांताच्या टेबल टेनिस संघाची मुख्य प्रशिक्षक. गळ्यात रेशमी रुमाल, पायांत टाचांचे बूट. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "माझ्या सुवर्णपदकातलं अर्धं पदक याच शाळेतल्या ग्वान यूरोंगताईंचं आहे. स्वतः न चमकता दुसऱ्याला चमकवणारी ही थोर बाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक शांग यांनी माझ्या ताईच्या हातात एक थर्मास दिला. त्यावर लाल अक्षरांत शाळेचं नाव होतं, ताईचं नव्हतं. ताईने मान लववली, थर्मास काखेत मारला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "अर्धं पदक म्हणे! कुठलं अर्धं? फितीकडचं असेल. आमच्या घरी तर अजून काही आलं नाही."

"यूछिन, गप्प बस," ताई म्हणाली.

गप्प बसणं मला जमत नाही. आमच्या घरात ते सगळं तिच्या वाटणीला गेलं.

भाषणं संपल्यावर मुलांचे कार्यक्रम झाले. ताईच्या हाताखाली शिकणारी तोंगतोंग नावाची एक पोरगी आहे, तेरा-चौदा वर्षांची, काटकुळी, डोळे लुकलुकते. तिला नकलांचा भारी नाद. तिने आधी शांगसाहेबांची चाल करून दाखवली, पोट पुढे आणि हात मागे. साहेबसुद्धा हसले. मग तिने बॅट घेतली आणि जपानच्या एका नव्या पोरीची नक्कल केली. ती पोरगी सध्या आपल्या मुलींना सारखी हरवते आहे आणि रोज टीव्हीवर दिसते. तोंगतोंग तशीच टेबलाखाली जाईल इतकी वाकली, तशीच जिभेचं टोक बाहेर काढलं, आणि समोरच्या मुलाचे चेंडू तश्शाच तिरक्या फटक्यांनी परतवले. लोक हसून लोटपोट झाले.

एक ताओ वेनयिंग हसली नाही. ती खुर्चीत पुढे सरकून बसली. आणि माझ्या शेजारी ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

का पडला, ते कळायला आमच्या घराचं दार कसं निघालं इथपासून सांगावं लागेल.

आमचा बाप पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. दोन खोल्यांचं बैठं घर, त्यातली अर्धी जागा कांगने अडवलेली. खालून जाळ घातलेला तो विटांचा ओटा. त्यावरच आम्ही चौघं झोपायचो, जेवायचो आणि भांडायचो. ताईला लहानपणीच टेबल टेनिसचं वेड लागलं. शाळेच्या आवारात सिमेंटची टेबलं होती, पण तिथे मोठी पोरं मुक्काम ठोकून असायची. एका रविवारी बापाने आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि दोन बाकांवर आडवं टाकलं. हिवाळा तोंडावर आला होता. आईने दाराच्या जागी जुनी रजई टांगली आणि गल्लीभर सांगत सुटली, "या हो या, आमच्याकडे दार सताड उघडं आहे! पोरीला चेंडू खेळायचाय म्हणून यांनी राहत्या घराला भोक पाडलंय."

त्या फळीच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. ताईच्या पाठीला लागून कांग. मागे सरकायला जागा नाही, हात मागे न्यायलाही जागा नाही. म्हणून तिने स्वतःचा एक फटका काढला. बॅट आपण पेन धरतो तशी बोटांत धरलेली. चेंडू फळीवरून उठतो न उठतो तोच ती नुसतं मनगट झटकायची, हात धुतल्यावर पाणी झटकतो तसं. चेंडू आपल्या पोटावर येतोय असं वाटायचं, आणि कडीच्या भोकाजवळून तो बाजूला पसार व्हायचा. बाप त्याला ‘दाराचा फटका’ म्हणायचा. ताईने तो मलाही शिकवला, कारण तो परतवायचा सराव तिला कुणाबरोबर तरी करायचा होता. बाकी खेळ मला कधी आलाच नाही. पायांत चपळाई नाही, नजर भलतीकडे. पण तेवढा एक फटका माझ्या मनगटात बसला तो बसलाच.

त्या फटक्यावर ताई अठराव्या वर्षी देशाची विजेती झाली. कारखान्याच्या भोंग्यावरून बातमी सांगितली गेली. बापाच्या पाळीतल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि आईने प्रथमच दारावरून बोलणं बंद केलं. अंतिम सामन्यात ताईने जिला हरवलं ती ताओ वेनयिंग. हीच, रेशमी रुमालवाली. तेव्हा दोन वेण्या होत्या तिच्या. सामना संपल्यावर डोळे पुसत तिने ताईला विचारलं होतं, "हा फटका कुठे शिकवतात?"

"आमच्या कांगवर," ताई म्हणाली होती.

दोघींनाही राजधानीतल्या मोठ्या संघात बोलावणं आलं. मुख्य प्रशिक्षक हान सरांनी ताईचं मनगट हातात घेऊन वळवून पाहिलं, बाजारात कोंबडीची तंगडी दाबून बघतात तसं. म्हणाले, "मनगट झकास आहे. काहीही शिकेल. तुझा तो फटका मात्र कुठल्या पुस्तकात नाही. हे बघ, हंगेरीची वेरा आपल्या मुलींना हरवते आहे. आपल्या घरात एक वेरा हवी, म्हणजे आपल्या मुली रोज तिच्याशी खेळतील. दोन वर्षं फक्त. देशासाठी."

देशासाठी म्हटल्यावर अठरा वर्षांची पोरगी काय बोलणार? पण मी आज बोलते. जी हरली तिला खेळाडू केलं आणि जी जिंकली तिला खेळणं केलं. वेनयिंग उंच होती, तिचा खेळ पुस्तकात होता. एवढंच कारण.

वेरा व्हायचं म्हणजे काय, तर आधी पकड बदलायची. पेनासारखी बॅट धरणारी ताई हस्तांदोलन करावं तशी बॅट धरायला लागली. मग वेराच्या फिल्म पुन्हा पुन्हा बघायच्या. ती चेंडू कसा कापते, पाऊल कुठे टाकते, दमल्यावर खांदा कसा पाडते. सर्व्हिस करण्याआधी वेरा टेबलाच्या कडेला तळहात पुसायची. ताईही पुसायला लागली. संघात सगळे तिला वेराच म्हणायचे. भटारखान्यातला म्हाताराही म्हणायचा, "वेरा, सूप घे अजून, हंगेरीत मिळायचं नाही!"

रोज सकाळपासून वेनयिंग आणि बाकीच्या मुली एकामागून एक तिच्यासमोर उभ्या राहायच्या, वेराला कसं हरवायचं ते शिकायला. कधी ताईला राहवलं नाही आणि दाराचा फटका निघून गेला, तर गुण तिला मिळायचा, पण हान सर ओरडायचे, "हे वेरा मारत नाही! चूक. परत खेळा." जिंकणं ही चूक ठरवतात असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

नव्या वर्षाला ताई घरी आली. कांगवर जेवायला बसलो. जेवायच्या काड्या उचलण्याआधी तिने समोरच्या चौरंगाच्या कडेला तळहात पुसला. आईने विचारलं, "हे काय नवीन?" ताई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एकदा हंगेरीचा संघ आपल्याकडे खेळायला आला. आपली नक्कल त्यांना दिसू नये म्हणून ताईला तेवढे दिवस गाद्यांच्या कोठारात ठेवलं. चोरीची सायकल लपवावी तसं! दाराच्या फटीतून तिने वेराला पहिल्यांदा खरीखुरी पाहिली. मला सांगत होती, "यूछिन, ती जिना उतरताना आडवी उतरते गं. गुडघे दुखत असणार. फिल्ममध्ये ते दिसत नाही." असं सांगत होती जणू सख्खी मैत्रीण असावी. खरी वेरा मात्र ताईला आयुष्यात कधी भेटली नाही, आणि असं कुणी आहे हे तिला कधी कळलंही नाही.

पुढे वेनयिंगने वेराला हरवून सुवर्णपदक आणलं. फोटो निघाला तेव्हा ताई बाजूला उभी राहून सगळ्यांची जाकिटं सांभाळत होती. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. फोटोच्या कडेला जाकिटांचा ढीग आणि एक कोपर दिसतं. ते कोपर तिचं.

नंतर वेराने लग्न केलं आणि खेळ सोडला. बातमी आली तेव्हा सरावाच्या हॉलमध्ये टाळ्या झाल्या. हान सर ताईला म्हणाले, "चला, तुझं काम संपलं." दोन वर्षं कधीच उलटून गेली होती. ताई सव्वीस वर्षांची झाली होती. ती म्हणाली, "सर, आता मी माझ्या नावाने खेळू?" सर म्हणाले, "खेळ की. अडवलंय कुणी?"

अडवलंय कुणी! मला तो माणूस भेटला असता तर मी त्याच्या डोक्यावर उकळतं पातेलं ओतलं असतं.

त्या वर्षीच्या राष्ट्रीय सामन्यांत ताई उतरली आणि उपांत्य फेरीत समोर वेनयिंग आली. शेजारच्या घरी टीव्ही होता. सगळी गल्ली अंगणात जमली. पहिल्याच चेंडूला ताईने बॅट पेनासारखी धरली, मनगट झटकलं, आणि चेंडू जाळीत. पुन्हा झटकलं, पुन्हा जाळीत. बोटांना ते ओळखीचंच राहिलं नव्हतं. मग तिने मुकाट्याने पकड बदलली आणि वेरासारखी खेळायला लागली. तेवढंच आता तिच्या हातात उरलं होतं. आणि वेराला कसं हरवायचं ते जगात सगळ्यात चांगलं कुणाला ठाऊक होतं? वेनयिंगला. शिकवलं कुणी होतं? ताईने. इतका वेळ समोर उभी राहून, चेंडू चेंडू करून तिनेच शिकवलं होतं. सामना गल्लीतली पोरं जागेवर बसायच्या आत संपला. बाप उठला, लोकांच्या घरातला टीव्ही त्याने आपल्या हाताने बंद केला आणि निघून गेला. मरेपर्यंत त्याने पुन्हा टेबल टेनिसचं नाव काढलं नाही.

ताई गावी परतली आणि जिल्ह्याच्या शाळेत प्रशिक्षक झाली, तेही कनिष्ठ. पगार ठरवताना पदकं विचारतात, आणि वेरा म्हणून घालवलेल्या वर्षांना पदक नसतं. संघात असताना प्रेमबिम करायला बंदी होती. नंतर स्थळं आली ती विधुरांची. ताई एकटीच राहिली, आता माझ्या दुकानाच्या माडीवर असते.

तिची शिकवायची तऱ्हा बघून पालक आधी भडकायचे. ती कधीही स्वतः खेळून दाखवत नाही. हात पाठीमागे बांधून टेबलाशेजारी उभी राहते आणि मुलीला विचारते, "तुला कसा मारावासा वाटतो? मार बघू." चेंडू बाहेर गेला तरी म्हणते, "असू दे. पुन्हा तसाच मार." त्यामुळे तिच्या मुली एकीसारखी दुसरी खेळत नाहीत. शाळेतले बाकीचे प्रशिक्षक त्यांना ‘ग्वानबाईंची सर्कस’ म्हणतात. एका पालकाने तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुम्हाला खेळता येतं तरी का?" ताई म्हणाली, "मला येतं ते माझं नाही." तो बिचारा डोकं खाजवत गेला.

आता कळलं असेल, त्या दिवशी तोंगतोंगच्या नकलेला सगळे हसत असताना ताई पांढरी का पडली.

आठवड्याच्या आत वेनयिंग माझ्या दुकानात हजर. बरोबर शांगसाहेब आणि तोंगतोंगचा बाप लुआन, जो भाड्याची टॅक्सी चालवतो. ताईही होती. मी आंबट कोबीच्या जाओझी समोर ठेवल्या आणि हात पुसत तिथेच उभी राहिले. मला कोण उठवतंय माझ्याच दुकानातून?

"ताई," वेनयिंग म्हणाली, "पोरीकडे देणगी आहे. त्या जपानच्या पोरीची हुबेहूब नक्कल करते. मोठ्या संघाला अशीच एक हवी आहे. मी शब्द टाकते. आणि जन्मभर थोडंच आहे? दोन वर्षं फक्त."

ताईने काड्या खाली ठेवल्या. "वेनयिंग, हान सरांचे शब्द तुला चांगले पाठ आहेत."

"ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंय. तुमच्याबद्दल सगळ्यांना किती आदर आहे!"

"हो, थर्मास मिळाला ना," मी म्हटलं.

शांगसाहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. लुआन खुर्चीत चुळबुळत म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या पोरीला घडवलंय, मी विसरत नाही. पण राजधानी म्हणजे राहणं-जेवणं झालं, अंगावर संघाचं जाकीट आलं, पुढे नोकरी. तिची आई बाजाराच्या तळघरात मोजे विकते, माझी तर टॅक्सीसुद्धा माझी नाही. पोरगी कुणासारखी खेळते, त्याने आमच्यासारख्यांना काय फरक पडतो?"

"लुआनभाऊ, मी कशी खेळायचे ते सांगा बरं," ताई म्हणाली.

"मी... मी कुठे पाहिलंय तुम्हाला?"

"शांगसाहेब, तुम्ही?"

साहेब जाओझी चावत राहिले.

"मलाही आठवत नाही," ताई म्हणाली. "मी देशाची विजेती होते आणि मी कशी खेळायचे ते मला आठवत नाही. हात उचलला की हंगेरीची एक बाई खेळायला लागते. पोरीचं हे करायचं असेल तर खुशाल करा, पण तिला देणगी आहे म्हणून करतो असं म्हणू नका. वासरू मारायचं आणि वर त्याच्या डोळ्यांचं कौतुक करायचं!"

इतकी वाक्यं मी तिच्या तोंडून वर्षभरात ऐकली नव्हती. वेनयिंगने व्हिनेगरची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "उद्या हॉलमध्ये चाचणी घेऊ. काय ते पोरीच्या बॅटवर ठरेल."

आता एक गोष्ट ताईला ठाऊक नव्हती, ती तुम्हाला सांगते. जुनं घर पाडलं तेव्हा मी ती दाराची फळी दुकानात आणली होती. कणीक लाटायला तिच्याइतकी गुळगुळीत फळी मिळायची नाही. ताई तिला कधी हात लावत नसे, तिच्याकडे बघतही नसे. दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की ताई शाळेत डुलकी काढते, आणि तोंगतोंग माझ्याकडे जेवायला येते, कारण तिची आई संध्याकाळशिवाय परतत नाही. पोरगी स्वस्थ बसेल तर शपथ. एकदा तिने फळीवरचं कडीचं भोक पाहून विचारलं, "मावशी, हे काय?" मी सांगितलं. मग पीठ पुसून, दोन वाडग्यांवर लाटणं आडवं ठेवून आम्ही खेळायला लागलो. मला येतो तेवढा एकच फटका मी मारायचे. ती खिदळायची, "मावशी, तुम्ही माशी हाकलता की खेळता?" आणि माझी नक्कल करायची. झालं एवढंच. मी तिला काही शिकवायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाची पातेली घेऊन हॉलमध्ये गेले तेव्हा चाचणी सुरू झाली होती. वेनयिंगने टाचांचे बूट काढून खेळायचे बूट घातले होते आणि स्वतःच टेबलापलीकडे उभी राहिली होती. वय झालं तरी हात अजून पक्का. ती म्हणाली, "हं, जपानची पोरगी खेळ."

तोंगतोंग वाकली, जीभ बाहेर काढली आणि खेळली. काय खेळली! लुआन टाळ्या पिटत होता, शांगसाहेब मान डोलावत होते. मी ताईच्या मागे होते, म्हणून मला तिचे पाठीमागे बांधलेले हात दिसत होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट तिने असं आवळलं होतं की बोटं निळी पडली होती.

"शाब्बास!" वेनयिंग खुशीत म्हणाली. "अजून कुणाची येते गं?"

"यूछिन मावशीची!"

सगळे हसले. जाओझीवाल्या बाईची नक्कल! वेनयिंगही हसली. "बरं, दाखव."

तोंगतोंगने पोट पुढे काढलं, नसलेल्या ॲप्रनला हात पुसले, माझ्यासारखा एक डोळा बारीक केला. मला तिचा कान पिळावासा वाटला. मग ती टेबलाला अगदी चिकटून उभी राहिली, बॅट पेनासारखी धरली. वेनयिंगने चेंडू टाकला. पोरीने मनगट झटकलं.

चेंडू वेनयिंगच्या पोटाशी आला आणि बाजूने निघून गेला. ती हसतच होती. तिने दुसरा टाकला. तोही गेला. तिसऱ्याला ती जागची हलली नाही. बॅट हातात तशीच धरून ती ताईकडे वळली, आणि एका क्षणात तिचा चेहरा वेण्या घालणाऱ्या त्या हरलेल्या पोरीचा झाला.

"ताई... हा तर तुमचा..."

ताईने हात सोडले होते. ती चालत टेबलापाशी गेली आणि तिने चेंडू उचलला. आवाज चढवला नाही, पण हॉलच्या टोकापर्यंत ऐकू आलं. "वेनयिंग, ही पोरगी नकलेसाठी मिळणार नाही. खेळाडू म्हणून न्यायची असेल तर आज ने."

"खेळाडूंची जागा नाही हो, ताई. जागा आहे ती फक्त..."

"मग जाओझी खा आणि जा."

लुआन मध्ये पडला. "बाई, माझ्या पोरीचा निर्णय तुम्ही कोण घेणार? तोंगतोंग, तूच सांग. जायचंय ना राजधानीला?"

पोरगी बॅटने पाय खाजवत उभी होती. म्हणाली, "बाबा, मला नकला गंमत म्हणून आवडतात. रोज उठून एकीचीच केली तर गंमत कुठली? आणि सगळ्या मुली मला हरवायला येणार, मी जिंकले की चूक म्हणणार. मी नाही जात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मावशीने. ती रोजच सांगते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याचं झाकण काढलं आणि म्हटलं, "गरम आहेत तोवर खाऊन घ्या." कुणी खाल्लं नाही. वेनयिंगने बूट बदलले आणि गाडीत बसताना ताईचा हात धरायला गेली. ताईने तो दिला नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लुआन तर माझ्या दुकानावरून जाताना अजून मुद्दाम हॉर्न दाबतो. पण पोरगी दुसऱ्याच दिवशी सरावाला आली, आणि येतेच आहे.

चाचणीच्याच दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना ताई खाली आली. कणकेच्या फळीसमोर उभी राहून कडक आवाजात म्हणाली, "कुणाला विचारून शिकवलंस तिला?"

"तुला विचारायला हवं होतं का? तुझा फटका असा किती दिवस माझ्याकडे पडून आहे, कधी चौकशी केलीस?"

 तिने बाहीने पीठ पुसलं, दोन वाडग्यांवर लाटणं ठेवलं आणि कोपऱ्यात टांगलेली तोंगतोंगची जुनी बॅट घेतली. बॅट पेनासारखी धरली. सर्व्हिस करायच्या आधी तिचा तळहात फळीच्या कडेला आपोआप पुसला गेला. ते तिच्या लक्षात आलं. तिने तो हात दुसऱ्या हाताने असा फटकारला की वाडगे हलले. "मर मेले, आतातरी सोड मला!" ती ओरडली. माझी ताई, जी कधी ओरडत नाही.

मी समोर गेले आणि चेंडू टाकला. तिने मारला, चेंडू कापला गेला, वेराचा. पुन्हा टाकला, पुन्हा वेराच. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले. शेवटी मला राहवेना. "अगं, हात मागे कुठे नेतेस? मागे कांग आहे, विसरलीस? पाणी झटकल्यासारखं कर."

"मला शिकवतेस?"

"हो, शिकवते. तूच शिकवलंस म्हणून."

तो फटका काही त्या दिवशी तिला आला नाही. तिने बॅट खाली ठेवली आणि हातावरचं पीठ बघत म्हणाली, "उद्यापासून दुपारचं दुकान बंद ठेव. हॉलमध्ये ये. मुलींना दाखवायला कुणीतरी हवं."

"आणि गिऱ्हाइकं?"

"गिऱ्हाइकं थांबतील. मी थांबले नाही का?"

दुसऱ्या दिवशी मी ॲप्रन काढायचं विसरूनच हॉलमध्ये गेले. मुली ओळीने उभ्या होत्या, तोंगतोंग सगळ्यांत पुढे. मी मनगट झटकून फटका मारून दाखवला आणि एकेकीने मारून बघायला सुरुवात केली. ओळ पुढे सरकत गेली. सगळ्यांत शेवटी, पोरींच्या मागे, बॅट पेनासारखी धरून ताई उभी होती.